घरं गेली, मौजा उरला: 'रिठी' गावाची जुनी शीव कशी शोधतात?

तलाठ्याच्या यादीत गावाचं नाव आहे, नकाशा आहे, शेतांना गट नंबर आहेत. पण राहतं घर एकही नाही. अशा ओसाड मौजाला विदर्भात 'रिठी' म्हणतात. जंगल आणि तलावांच्या साकोली भागात अशा गावाची शीव कुठपर्यंत होती, हे कसं कळतं?

इंग्लंडमध्ये मध्ययुगीन गावं शोधणाऱ्यांच्या हाताशी १०८६ सालचं 'डूम्सडे बुक' असतं. त्यात गावोगावचे नांगर, कुरणं, पाणचक्क्या मोजलेल्या आहेत. आपल्याकडे शेतवार नोंदी मुख्यतः सापडतात त्या नागपूरचं भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यानंतरच्या.

शोध उलटा करायचा. आजच्या सातबाऱ्यावरून १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाकडे, तिथून मालगुजारीच्या काळातल्या बंदोबस्त मिसलीकडे. मिसलीत जुने खसरा नंबर मिळतात. ते पुढे बदलले, त्यामुळे जुना आणि नवा नंबर जुळवणं हेच सगळ्यात किचकट काम. वाजिब-उल-अर्जमध्ये वाट, पाणी, मासेमारीच्या वहिवाटी असतात, तर निस्तार पत्रकात चराई आणि सरपणाच्या जागा. ही दोन्ही कागदपत्रं १९६६ च्या महसूल संहितेतही आहेत, तीही फक्त विदर्भासाठी.

पण कागदाइतकाच बोलका साक्षीदार म्हणजे मामा तलाव, म्हणजेच माजी मालगुजारी तलाव. घरं मोडतात, पाळ जागेवर राहते. तलावाचं पाणी कोणत्या बांध्यांना जायचं हे पाहिलं की गावाची शेती कुठवर होती याचा अंदाज येतो.

एक मेख आहे. मौजाची हद्द आणि गावाचा वावर एकच नसतो. लोक मोहफुलं वेचायला, गुरं चारायला जात ते जंगल राखीव झालं की महसुली नकाशाबाहेर जायचं. नागझिऱ्याच्या शेजारी हा फरक फार मोलाचा ठरतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक दावा करताना पारंपरिक सीमा दाखवावी लागते. तिथे गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल आणि नकाशे पुरावा म्हणून चालतात. जुन्या विहिरी, स्मशानं, देवस्थानं आणि म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाबसुद्धा.

नकाशाच्या नकलेसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा. जुन्या मिसलीसाठी महसूल विभागाची अभिलेख खोली गाठावी. अर्जात आजच्या गट नंबराबरोबर मौजाचं जुनं नावही लिहावं.