मरण हा शत्रूच आहे

दोंडाईचा, शहादा, नंदुरबार. तापीच्या या पट्ट्यात ख्रिस्ती माणसाच्या दफनविधीला उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानी पडतं : “रडू नका, आपली साक्ष बिघडते.” आधी पाळक म्हणतात, मग मंडळीतले वडीलधारे म्हणतात, आणि शेवटी घरचेच लोक एकमेकांना बजावू लागतात. गेलेल्याची आई अहिराणीत त्याचं नाव घेऊन टाहो फोडते, तेव्हा दोघीतिघी तिला धरून बाजूला नेतात आणि गीताचा आवाज वाढतो. यामागचं मत असं की, ज्याचा ख्रिस्तावर विश्वास आहे त्याला मरणाची भीती वाटत नाही, आणि वाटलीच तर त्याच्या विश्वासात कुठेतरी खोट आहे.

देवळाबाहेर याच्या अगदी उलट बोलतात. मरणाच्या आणि उपासमारीच्या भयानंच ही माणसं या धर्मात गेली, स्वर्गाची आशा म्हणजे भेदरलेल्या मनानं स्वतःची केलेली समजूत, असं सुशिक्षित माणूस सहज म्हणून जातो. ही दोन मतं एकमेकांची वैरी वाटतात, पण दोघांचं गृहीत एकच आहे : आशा असते तिथे भीती नसते. हे गृहीत पवित्र शास्त्रात नाही, मंडळीच्या इतिहासातही ते टिकत नाही, आणि आमच्या घरांतल्या दुःखी माणसांना त्यानं फार छळलं आहे. म्हणून त्याचं खंडन करणं मला भाग वाटतं.

पूर्वपक्ष दुबळा नाही, तो आधी नीट मांडला पाहिजे. फिलिप्पैकरांच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल म्हणतो की मरणं हा त्याला लाभच आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की जे केवळ शरीर मारू शकतात त्यांना भिऊ नका. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय सांगतो की पूर्ण प्रीती भीतीला हाकलून लावते. शिवाय एक मोठा साक्षीदारही या बाजूला आहे. इ. स. २५२ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत भयंकर साथ पसरली असताना कार्थेजचा बिशप सिप्रियन यानं मरणावर एक प्रबंध लिहिला. आपले बंधू तिकडे शुभ्र वस्त्रं ल्याले असताना आपण इकडे त्यांच्यासाठी काळी वस्त्रं घालू नयेत, असा त्याचा युक्तिवाद आहे. आमच्याकडच्या दफनविधीतलं प्रवचन नकळत सिप्रियनचंच असतं.

आता हीच वचनं त्यांच्या संदर्भात ठेवून पाहू. योहान ज्या भीतीबद्दल बोलतो ती न्यायाच्या दिवसाची, शिक्षेची भीती आहे. ते वाक्य तिथेच स्पष्ट करून दिलेलं आहे. आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या बापाच्या भीतीचा तिथे उल्लेखही नाही. मत्तयातलं वचन छळ करणाऱ्यांपुढे कबुली देण्याविषयीचं आहे : मारणाऱ्याला भिऊन सत्य सोडू नका, एवढा त्याचा रोख. आणि ज्या पौलानं मरणाला लाभ म्हटलं, तोच त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात आपला सहकारी एपफ्रदीत याच्या आजाराबद्दल लिहितो. तो मरणाच्या दारापर्यंत गेला होता, पण देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असा त्या मजकुराचा आशय. मरण सर्वार्थानं लाभच असेल तर एपफ्रदीत वाचला यात दया कुठली? पौलाला हा विरोध जाणवत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ख्रिस्ताजवळ जाणं हा लाभ आहे आणि मरण स्वतः मात्र शत्रू आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो मरणाला ‘शत्रू’च म्हणतो, सर्वांत शेवटी नाहीसा व्हायचा शत्रू. थेस्सलनीकाकरांनाही त्यानं शोक करू नका असं सांगितलेलं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं सांगितलं आहे. शोक त्यानं गृहीतच धरला आहे.

याहून निर्णायक पुरावा खुद्द प्रभूचा. लाजराच्या कबरेशी येशू रडला. पुढच्या काही क्षणांत आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. उद्याच्या पुनरुत्थानाची खात्री आजच्या अश्रूंना मज्जाव करते हे तत्त्व खरं असतं, तर ते तिथे सर्वांत आधी लागू पडलं असतं. आणि गेथशेमाने बाग! मार्क सांगतो की तो अतिशय व्याकूळ आणि कष्टी झाला, आपला जीव मरणप्राय दुःखात आहे असं त्यानं तिघा शिष्यांना बोलून दाखवलं, आणि हा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. इब्रीकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय तर मोठा आक्रोश आणि अश्रू यांचा उल्लेख करतो. ज्याच्या नावानं आपण “भिऊ नका” म्हणतो, त्याला त्या रात्री घाम फुटला होता.

१९५५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानात ऑस्कर कुलमान या नव्या कराराच्या पंडितानं सॉक्रेटिसचं मरण आणि येशूचं मरण शेजारी शेजारी ठेवून दाखवलं होतं. सॉक्रेटिस शांत चित्तानं विषाचा प्याला घेतो, कारण त्याच्या दृष्टीनं आत्मा अमर आहे आणि देह ही कैद आहे. मरण म्हणजे सुटका. येशू मात्र थरथरतो, कारण त्याच्या दृष्टीनं देह ही देवाची निर्मिती आहे आणि मरण तिची नासधूस करतं. कुलमानच्या सगळ्याच निष्कर्षांशी मी सहमत नाही. हा एक भेद मात्र त्यानं अचूक पकडला. आमच्या खानदेशातलं प्रवचन कधी सॉक्रेटिसाकडे झुकतं, कधी गीतेच्या दुसऱ्या अध्यायाकडे : देह हे जुनं वस्त्र, आत्म्यानं ते टाकलं आणि दुसरीकडे गेला. गीतेच्या आत्मविचाराला त्याची स्वतःची उंची आहे, आणि तो त्याच्या जागी समजून घ्यावा. पण तो ख्रिस्ती विचार नाही. विश्वासमतात आपण दर रविवारी देहाच्या पुनरुत्थानावरचा विश्वास म्हणून दाखवतो. वस्त्र टाकून देण्यासारखंच असेल तर देव ते पुन्हा का उठवील?

आता बाहेरच्या मताकडे. १९२७ साली सिग्मंड फ्रॉइडनं धर्म म्हणजे इच्छेतून जन्मलेला भ्रम असं मांडलं, आणि तेव्हापासून ही मांडणी विद्वत्तेचा शेवटचा शब्द म्हणून फिरते आहे. पण भेदरलेल्या मनानं स्वतःच्या दिलाशासाठी एखादा धर्म रचला असता, तर त्यानं आपला प्रभू निर्भय रंगवला असता. दुसऱ्या शतकातच सेल्सस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञानं यावर बोट ठेवून चेष्टा केली होती : हा कसला देव, जो विलाप करतो आणि मरणाचं भय टळावं म्हणून प्रार्थना करतो? सुमारे सत्तर वर्षांनी, २४८ च्या सुमारास, ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानानं त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. गेथशेमाने सुवार्तेतून गाळून टाकणं विश्वासणाऱ्यांना किती सोयीचं झालं असतं! त्यांनी ते गाळलं नाही. गैरसोयीची साक्ष जपून ठेवणारी माणसं स्वतःला फसवायला बसलेली नसतात.

दुष्काळाचा आरोप मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो आमच्या आजोबा-पणजोबांवरचा आहे. १८९९-१९०० च्या, म्हणजे संवत १९५६ च्या छप्पन्नच्या दुष्काळात गुजरात-खानदेशात माणसं मेली, आणि अनाथ मुलं मिशनच्या आश्रयाला आली, हे खरं. भुकेलं मूल भाकरीकडे धावलं यात त्यानं लाजावं असं काही नाही. पण भूक आणि विश्वास यांचं नातं इतकं सरळ असतं, तर पंडिता रमाबाईंची हकीकत वेगळी झाली असती. १८७४ च्या सुमारास मद्रास प्रांतात फिरत असताना उपासमारीनं त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मग आई गेली, मग बहीण गेली. त्या भुकेनं रमाबाईंना ख्रिस्ती केलं नाही. तीर्थं आणि व्रतं यांवरची श्रद्धा तेवढी उडाली. बाप्तिस्मा झाला तो १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथं, पोट भरलेलं असताना, आणि पुष्कळ वादविवादानंतर. त्याआधी दीडएक वर्षापूर्वीच त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्यानं गेले होते. इतकी मरणं पाहिलेली ही बाई पुढं काय करते ते पाहावं. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन येते. पुण्यात प्लेगमुळे त्यांना आणायला बंदी, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय लावते. त्यातूनच मुक्ती मिशन उभं राहतं. आणि १८९७ साली सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांचे जे हाल होत होते त्यांविषयी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये इतकं परखड पत्र लिहिते की तो विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचतो. मेलेल्या मुली स्वर्गात सुखी आहेत एवढ्यावर समाधान मानणारी आशा असती, तर हे पत्र लिहिलं गेलं नसतं. ज्याला मरण शत्रू वाटतं तोच त्याच्याशी असा भांडतो.

इथेच सिप्रियनचंही दुसरं अंग दिसतं. काळी वस्त्रं नकोत म्हणणाऱ्या या बिशपनं त्या साथीत आजाऱ्यांच्या शुश्रूषेची व्यवस्था लावली, आणि परधर्मीयांनाही तीत घेतलं. त्याच काळात अलेक्झांड्रियाच्या दिओनीसियसनं लिहिलेलं एक पत्र युसेबियसनं आपल्या मंडळीच्या इतिहासग्रंथात जपलं आहे. आजाऱ्यांना हात लावून, त्यांची सेवा करत करत मेलेल्या ख्रिस्ती लोकांचं वर्णन त्यात आहे. मिरजेचं १८९४ चं मिशन रुग्णालय काय, आपल्या सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं चिंचपाड्याचं रुग्णालय काय, या संस्था देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्यांनी काढल्या. देह जुनाट वस्त्र असतं तर त्याला टाके घालत बसायचं कारण काय होतं?

करोनाच्या साथीत हा वाद पोथीतला राहिला नाही. स्तोत्र ९१ दारावर लावलं की रोग शिरत नाही, मुखपट्टी आणि लस हे अविश्वासाचं लक्षण, असं सांगणारे प्रचारक मोबाइलवर घरोघर पोचले. हे स्तोत्र तशा अर्थानं वापरणारा सुवार्तेत एकच आहे, तो म्हणजे सैतान. मंदिराच्या शिखरावर उभा करून तो येशूला त्यातल्याच वचनाचा दाखला देतो आणि उडी टाक म्हणतो. देवाची परीक्षा पाहू नये, असं प्रभूचं उत्तर आहे. १५२७ साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा मार्टिन ल्यूथर गाव सोडून गेला नाही, आजाऱ्यांना त्यानं घरात घेतलं. पण त्याच वेळी लिहिलेल्या पत्रात त्यानं सांगितलं की औषध घ्यावं, घर धुरावावं, गरज नाही तिथे जाऊ नये, आणि हे उपाय टाळणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणंच होय. त्याला भीती वाटत होती, आणि ती भीती त्यानं कामाला लावली. पुढं १५४२ साली त्याची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना त्याच्या हातांत गेली. ती प्रभूकडे गेली हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी तो रडला, आणि ते त्यानं लपवलं नाही.

साक्ष बिघडण्याची भीती घालणाऱ्यांनी ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’चा नववा भाग अवश्य वाचावा. ३८७ साली ओस्तिया बंदरात त्याची आई मोनिका गेली. त्याचा मुलगा अदेओदातस हुंदका देऊन रडू लागला, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं. आईचं मरण दुर्दैवी नव्हतं, मग विलाप कशाला, असा त्यांचा हिशेब होता. ऑगस्टीननंही दफनविधी होईपर्यंत अश्रू दाबून धरले. दुःख धुऊन जावं म्हणून स्नानगृहात गेला. काही उपयोग झाला नाही. मग रात्री झोपून उठल्यावर, एकटा असताना, त्यानं आईसाठी डोळ्यांना वाट करून दिली. पुढं बिशप झाल्यावर हे सारं त्यानं स्वतः लिहून ठेवलं, आणि कोणाला यात पाप दिसलं तर त्यानं हसण्याऐवजी माझ्यासाठी रडावं अशा आशयाची विनंती केली. मुलाला गप्प करणारी ती मंडळी आणि आमच्या कबरस्तानात आईला बाजूला नेणारी मंडळी एकाच चुकीत आहेत. सोळाशे वर्षांत ती चूक दुरुस्त झालेली नाही.

तेव्हा माझं मंडन एवढंच आहे. ख्रिस्ती आशा भीती पुसून टाकत नाही. भीतीच्या हाती शेवटचा निर्णय जाऊ देत नाही. इब्रीकरांचं पत्र मरणाच्या भयानं आयुष्यभर दास झालेल्यांच्या सुटकेविषयी बोलतं. दास्यातून सुटलेल्या माणसालाही मरणाचा दरारा वाटू शकतो. भयाची चाकरी तो करत नाही, एवढंच. तो रडतो आणि उठून दवाखान्यात जातो, घाबरतो आणि तरी शेजाऱ्याच्या खाटेजवळ बसतो. स्तोत्र ८८ अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, आणि तरीही ते देवाला उद्देशून केलेली प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात आहे.

आमच्या पाळकांना आणि वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात लिहिलं आहे की, पहिला रक्तसाक्षी स्तेफन याला भक्तिमान माणसांनी पुरलं आणि त्याच्यासाठी मोठा विलाप केला. ज्यानं आकाश उघडलेलं पाहिलं त्याच्यासाठी हा विलाप होता, आणि तो करणाऱ्यांना शास्त्र भक्तिमान म्हणतं. पुढच्या दफनविधीत हे वचन आधी वाचा, आणि कोणत्याही आईला बाजूला नेऊ नका.