हात कोणाचा, शब्द कोणाचे?

प्लँचेटची वाटी नेमकं कोण सरकवतं, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा गमतीत विचारला गेला. १९९० नंतर अमेरिकेतल्या स्वमग्न मुलांच्या वर्गांत तोच प्रश्न फार गंभीरपणे विचारावा लागला. मी शिक्षक नाही, डॉक्टरही नाही. जुने अहवाल वाचत बसण्याची खोड, एवढंच माझं भांडवल. पण उपचाराला पुरावा मागण्याची वैद्यकातली रीत शाळेत शिरताना कशी अडखळते, हे सांगणारं याहून बोलकं प्रकरण मला सापडलेलं नाही.

सुरुवात मेलबर्नची. तिथल्या सेंट निकोलस हॉस्पिटलमध्ये रोझमेरी क्रॉसली यांनी १९७७ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या ॲन मॅकडोनाल्डचा हात सावरून तिला अक्षरांकडे बोट न्यायला मदत केली. मुलीची बुद्धी शाबूत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७९ मध्ये न्यायालयाने ॲनला ती संस्था सोडून जाण्याची मुभा दिली. पुढे क्रॉसलींनी हीच पद्धत स्वमग्न मुलांसाठीही वापरली. सिराक्यूज विद्यापीठाचे डग्लस बिक्लेन मेलबर्नला जाऊन ते पाहून आले आणि १९९० मध्ये त्यांनी ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’त लेख लिहिला. मग वणवाच पेटला. कधी शब्दही न बोललेली मुलं मदतनिसाच्या आधाराने पूर्ण वाक्यं टाइप करू लागली. आपलं मूल आपल्याशी बोलतंय, या आनंदाला कोणता पालक पुरावा मागेल?

पुरावा मागावा लागला तो वेगळ्याच कारणाने. अशा टंकलेखनातून आईवडिलांवर अत्याचाराचे आरोप उमटू लागले, मुलं घरापासून तोडली गेली. तेव्हा हे शब्द मुलाचेच आहेत का, हे तपासणं भाग पडलं.

न्यूयॉर्क राज्यातल्या ओ. डी. हेक केंद्रात झालेली चाचणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची रचना इतकी साधी, की ती आधीच कोणाला का सुचली नाही याचं नवल वाटतं. मुलाला एक चित्र दाखवायचं आणि मदतनिसाला दुसरं. एकमेकांचं चित्र दिसू द्यायचं नाही. चित्रं वेगळी असली, की टाइप होणारं नाव मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचं निघे. मुलाचं स्वतंत्र बरोबर उत्तर एकदाही आलं नाही. यात लबाडी कोणाचीच नव्हती. स्वतःच्या नकळत आपणच हात हलवत होतो, हे कळल्यावर मदतनीस हादरले. बर्लिनच्या ‘हुशार’ घोड्याबाबत ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये याच जातीची गोष्ट उघड केली होती. विशेष शिक्षणाच्या वर्गात मात्र ती कोणाला आठवली नाही.

१९९४ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या पद्धतीविरुद्ध ठराव केला. तिथे प्रकरण संपायला हवं होतं. पण बिक्लेन २००५ मध्ये सिराक्यूजच्या शिक्षण विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले! चाचणी घेणं म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणं, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद. तो ऐकायला हळवा आहे, पण माझ्या मते अन्यायाचा. कारण शब्द दुसऱ्याचे असतील, तर मुलाचं स्वतःचं म्हणणं ऐकायचं राहूनच जातं. स्वतःच्या बोटाने चित्रफलक वापरायला शिकण्याची वर्षंही निघून जातात.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं मी वाचतो ती क्रियापदांसाठी. प्रौढ स्वमग्नांसाठीच्या २०१२ च्या तत्त्वांत ही पद्धत ‘देऊ नये’ असा स्पष्ट नकार आहे. मुलांसाठीच्या २०१३ च्या तत्त्वांत पालक आणि शिक्षकांना सोबत घेऊन खेळातून संवाद वाढवण्याचा ‘विचार करावा’ असं म्हटलं आहे. पुरावा जेवढा, तेवढंच क्रियापद. दवाखान्यात हा फरक कळतो. शाळेत मात्र ‘विचार करावा’चा सहज हुकूम होतो आणि ‘देऊ नये’ची नुसती सूचना.

या गोष्टीचा एक धागा आपल्या देशातही येतो. कर्नाटकात आपल्या स्वमग्न मुलाला शिकवताना सोमा मुखोपाध्याय यांनी ‘रॅपिड प्रॉम्प्टिंग मेथड’ घडवली आणि पुढे ती अमेरिकेत नेली. तिच्यात मुलाचा हात धरत नाहीत. बहुधा अक्षरफलक शिकवणाऱ्याच्या हातात असतो. अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये दोन्ही पद्धतींविरुद्ध निवेदनं काढली. फलक धरणाऱ्याला प्रश्नाचं उत्तर माहीत नसताना मूल काय लिहितं, हे पाहायला आजही दोन चित्रं आणि मध्ये एक पडदा पुरतो.