मालिकेला साबणाचं नाव



रात्री भाकऱ्या उरकल्या की आपण मालिका बघायला बसतो. अशा रोजच्या मालिकेला इंग्रजीत ‘सोप ऑपेरा’ म्हणतात. सोप म्हणजे साबण, ऑपेरा म्हणजे संगीत नाटक. मग मालिकेत साबण आला कुठून?

ही गोष्ट अमेरिकेतली, आणि रेडिओच्या काळातली. १९३० नंतर तिथे दुपारी रेडिओवर घरसंसाराच्या मालिका लागू लागल्या. त्या वेळी ऐकायला घरी असायच्या त्या बहुतेक बायाच, आणि घरातला साबणही त्याच आणायच्या. म्हणून साबण कंपन्यांनी मालिकांचा खर्च उचलला आणि त्यात आपल्या जाहिराती घातल्या. वर्तमानपत्रांनी चेष्टेनं ‘सोप ऑपेरा’ म्हटलं, ते नाव चिकटलंच. इर्ना फिलिप्स या बाईंनी सुरू केलेली ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर आली, १९५२ मध्ये टीव्हीवर गेली आणि २००९ पर्यंत चालली.

चेष्टा बायांची झाली, पण कंपन्यांना मोल कळलं होतं ते बायांच्याच खरेदीचं. आपण गटात पै-पैचा हिशोब लिहितो. या महिन्यात जाहिरात बघून काय काय घेतलं, तेही एकदा लिहून बघू. मालिका बघूच, पण हिशोब आपल्या हातात ठेवून.