रेषेचा आरंभ आणि शेवट

वाशीमहून पुसदकडे जातांना वाटेंत अनसिंग हें गांव लागतें. या भागांत वावरणाऱ्यास आपण एका प्राचीन राजधानीच्या छायेंत आहों याची जाणीव सहसा नसते. वाशीम म्हणजेच जुनें वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेचें तें राजपीठ होतें. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत या शाखेच्या हरिषेण राजाचा सचिव वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरवून भिक्षुसंघास अर्पण केलें, असें तेथील शिलालेखावरून दिसतें. तेव्हां अजिंठ्याची चित्रकला हा या मुलुखाच्या घरचाच इतिहास होय.

चित्रकाराच्या मनांतील कल्पना भिंतीवर कशी उतरली, याची साक्ष त्या भिंतीच देतात. खडबडीत कातळावर प्रथम मातीचा गिलावा देत. त्यांत भाताचा कोंडा व वनस्पतींचे तंतू कालवीत. त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात फिरे. गिलावा वाळल्यावर चित्रकार गेरूनें पहिली आकृति रेखाटी. मग हिरवट मातीचा विरळ थर येई; त्यांतून खालची तांबडी रेषा अंधुक दिसत राही. त्यानंतर वस्त्र, अंग, अलंकार यांचे रंग भरले जात. त्यांत अफगाणिस्तानाकडून येणारा लाजवर्दी निळाही असे. शेवटीं रंगाखालीं बुजलेली रेषा तपकिरी वा काळ्या रंगानें पुन्हा ओढीत.

आमच्या मतें सगळें मर्म या दुसऱ्या रेषेंत आहे. पहिली रेषा आकृति शोधते, दुसरी निर्णय देते. मधल्या थरांच्या काळांत चित्रकारास आपली कल्पना पुन्हा पारखण्यास अवसर मिळे. वराहदेवाच्याच लेण्यांत 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून ख्यात झालेली स्त्री वस्तुतः नंदाची पत्नी सुंदरी आहे. सेवकानें आणलेला मुकुट पाहून पति भिक्षु झाल्याचें तिला उमगतें. झुकलेली मान, मिटत चाललेले डोळे, गळून गेलेले हात यांच्या बाह्यरेषेंतच तो शोक सांठला आहे. रंग येथें केवळ साहाय्यक. विष्णुधर्मोत्तरपुराणांतील चित्रसूत्रानेंही आचार्यांची पसंती रेषेस दिली आहे, ती उगीच नव्हे.

हें शिक्षण पुढें मुंबईच्या विद्यार्थ्यांसही लाभलें. जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं 1872 ते 1885 या काळांत त्यांच्याकडून अजिंठ्याच्या नकला करविल्या. मूळ चित्रकारांचा हात किती निःशंक होता, हें नकला करतांनाच त्यांस उमजलें. पुढें यांतील बऱ्याच नकला 1885 सालीं लंडनमध्यें आगींत नष्ट झाल्या. त्यापूर्वींच्या गिल यांच्या नकलांचाही 1866 सालीं असाच अंत झाला होता. भिंतींवर चढविलेल्या व्हार्निशानें मूळ रंगही मळले.

नकला जळाल्या, रंग विटले. तरीही पोपडे निघालेल्या जागीं गेरूची रेषा अजून दिसते. पूर्ण चित्र पाहून आपण थक्क होतों; पण चित्रकार विचार कसा करी, हें पाहावयाचें तर त्या उघड्या पडलेल्या तांबड्या रेषेपाशीं थांबावें. म्हणून अजिंठ्याचें रक्षण करतांना या अर्धवट, उघड्या जागाही पूर्ण चित्रांइतक्याच जपल्या पाहिजेत.