रुमाल दंडावर, उपरणे डोक्यावर

कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि १८४९ पासून तिथे माणसांची झुंबड उडाली. त्या गर्दीमागोमाग जे. डी. बॉर्थविक नावाचा एक स्कॉटिश चित्रकारही खाणींच्या मुलखात जाऊन पोहोचला. १८५७ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात एंजल्स कॅम्प या खाणवस्तीतल्या एका नाचाचे वर्णन आहे. दाढी वाढलेले, जाडजूड बूट घातलेले खाणकरी जोड्या लावून नाचत आहेत. बाई औषधालाही नाही, तरी जोडीत पुरुष कोण आणि बाई कोण याचा घोळ कुठेच होत नाही. नियम ठरलेला होता: ज्याच्या विजारीला मागच्या बाजूला ठिगळ, तो त्या रात्रीपुरता बाई. पुढे गुराख्यांच्या, म्हणजे काउबॉय मंडळींच्या मुलखात ठिगळाची जागा रुमालाने घेतली. दंडाला रुमाल बांधला की तो गडी बाईच्या जागी उभा राहणार, हे सगळ्यांना कळे. या रुमालाला ते ‘कालवडीचा डाग’ म्हणत. उभा जन्म गुरांना मालकीचा डाग देण्यात गेलेल्या माणसांना दुसरे काय सुचणार!

या नाचांची पुढची हकीकत थोडक्यात अशी. युरोपातल्या दरबारी नाचांची घडी अमेरिकेतल्या खेड्यांत गेली, फिडल वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय वादकांनी नाचता नाचता पावले पुकारण्याची रीत रुळवली असे फिल जेमिसनसारखे अभ्यासक मांडतात, १९३९ मध्ये लॉइड शॉ या शाळाप्रमुखाने काउबॉय नाचांवर पुस्तक काढले आणि हा नाच शाळाशाळांत शिकवला जाऊ लागला. त्या शिकवणीतून रुमाल मात्र गायब झाला. चार जोड्यांचा चौक, म्हणून नाव स्क्वेअर डान्स; प्रत्येक जोडीत डावीकडे पुरुष, उजवीकडे बाई, आणि या रचनेला अपवाद नाही. अपवाद परत आणला तो समलिंगी स्त्री-पुरुषांनी. १९७६ मध्ये रेनो शहरात समलिंगी लोकांचा पहिला रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या खेळांचा मेळा, भरला, त्याच सुमारास त्यांचे नाचाचे क्लब निघू लागले आणि १९८३ मध्ये स्क्वेअर डान्सच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. या क्लबांत डावी बाजू आणि उजवी बाजू ही नुसती जागांची नावे उरली. पुष्कळजण दोन्ही बाजू शिकतात. टू-स्टेप हा जोडीचा नाच शिकवताना आधी विचारतात ते एवढेच, की चालवणार की चालणार? दोन झटपट पावले, दोन संथ पावले; एकजण पुढे येतो, दुसरा पाठमोरा मागे सरकतो, आणि पुढच्या गाण्याला दोघे जागा बदलू शकतात. म्हणजे जी गोष्ट खाणवस्तीत ठिगळ करत होते, ती इथे शिकवणी करते.

आपल्याकडच्या वाचकाला इथे नाच्या आठवल्यावाचून राहणार नाही. तमाशातला नाच्या पोऱ्या, म्हणजे लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून लावणीवर नाचणारा मुलगा, ही उत्तर पेशवाईतल्या फडांची ठरलेली गोष्ट होती. त्याची कुळकथा विचारली की कॅलिफोर्नियासारखेच उत्तर मिळते: बायका नव्हत्या म्हणून. कुलीन स्त्री चारचौघांत नाचत नसे, मग पुरुषाला लुगडे नेसवावे लागले, आणि पुढे स्त्रिया तमाशात आल्यावर नाच्याची गरज संपली. हे उत्तर इतके सरळ आहे की कुणी तपासायला जात नाही. खाणवस्तीबाबत ते निदान बऱ्याच अंशी खरे आहे. १८५० च्या कॅलिफोर्नियात दहा माणसांत एक बाई सापडणेही मुश्कील होते. महाराष्ट्राबाबत मात्र ते टिकत नाही, आणि का टिकत नाही हे सोलापूर जिल्ह्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

पहिली अडचण काळाची. नाच्या पोऱ्यांची चलती होती त्याच काळात कलावंतिणी आणि नायकिणी नाचत होत्या, त्यांना बिदाग्या मिळत होत्या. पुण्यात नाचणाऱ्या बायकांचा दुष्काळ कधीच नव्हता. तरीही शाहिरांच्या फडावर मुलगेच नाचत होते, म्हणजे टंचाई हे कारण असूच शकत नाही. दुसरी अडचण अधिक मोठी आहे. तमाशात उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाचे नाव घेतले जाते. पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांवर तिने लोकांना वेड लावले, तो एकोणिसाव्या शतकाचा अखेरचा आणि विसाव्याचा आरंभीचा काळ. नाच्या जर तिच्या जागी धरलेला बदली कामगार असता, तर ती आल्याबरोबर त्याला घरी जावे लागले असते. तो गेला नाही. तमाशाच्या गौळण या भागातली मावशी पुरुषानेच करायची हा पायंडा चालू राहिला, आणि नाच्याही बाईच्या बरोबरीने फडावर उभा राहिला. मराठी चित्रपटात गणपत पाटलांनी हीच भूमिका वर्षानुवर्षे केली, तीही भोवती नाचणाऱ्या बायका असतानाच. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीवर २०१० साली आलेल्या चित्रपटात तर नाचायला तयार झालेली स्त्रीच अट घालते की फडात नाच्या पाहिजे. कथा काल्पनिक आहे, पण मराठी प्रेक्षकाला ती अट चमत्कारिक वाटली नाही, हा पुरावा माझ्या कामाचा आहे.

याच्या उलट संगीत नाटकाकडे पाहावे. बालगंधर्वांची स्त्रीभूमिका ही खरोखर बदलीची व्यवस्था होती. स्त्रिया रंगभूमीवर आल्या आणि काही दशकांत पुरुषांनी स्त्रीपार्ट करण्याची प्रथा ओसरली. टंचाईतून जन्मलेली प्रथा टंचाई संपली की मरते. नाटकात ती मेली, तमाशात रूप बदलून जगली. या दोन गोष्टी एकाच दावणीला बांधल्या गेल्या म्हणून नाच्याचे मूळ शोधायचे राहून गेले, असे माझे मत आहे.

मग नाच्या आला कुठून? प्रचलित मत असे की तो उत्तरेतून आला. औरंगजेबाची छावणी दख्खनमध्ये वर्षानुवर्षे पडून होती. तिच्यात उत्तरेकडचे नाचे आणि नकलाकार होते. त्यांच्यापासून तमाशाने हा प्रकार उचलला. या मताला बळ मिळते ते मुख्यतः ‘तमाशा’ शब्द परका आहे म्हणून. पण शब्द आला म्हणून वस्तूही आली, हा न्याय लावायचा तर आपल्याकडच्या वकिलापासून हलवायापर्यंत सगळ्यांना छावणीतून आलेले म्हणावे लागेल. छावणीने शाहिराला प्रेक्षक दिला असेल, बिदागी देणारा शिपाईगडी दिला असेल. पुरुषाने बाईच्या तोंडून बोलावे हे शिकवायला मात्र छावणीची गरज नव्हती. दुसरे मत दक्षिणेकडे बोट दाखवते: सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेला, लुगडे नेसून चौंडक्यावर नाचणारा जोगता. मराठी, कानडी आणि तेलुगू एकत्र नांदणाऱ्या सोलापुरात हे मत मोहात पाडते. तरी ते मला पटत नाही. जोगत्याचे लुगडे उतरत नाही. ते देवीने नेसवलेले असते आणि जन्माला पुरते. नाच्याचे लुगडे खेळापुरते. ठिगळ, रुमाल आणि नाच्याचा पदर यांना जोडणारी खूण हीच की ती उतरवता येते. जोगत्याची वाट त्याहून वेगळी आणि कितीतरी कठीण आहे.

माझे स्वतःचे मत असे, की नाच्याचे मूळ फार लांब शोधू नये, पंढरपुरात शोधावे. वारकरी परंपरेत पुरुषाने स्त्रीच्या वाणीने बोलणे ज्ञानदेवांच्या विराण्यांपासून आहे. एकनाथांच्या भारुडांत सासर नको झालेली सून बोलते, नवऱ्याला कंटाळलेली बायको बोलते, आणि ही भारुडे उभी करणारे पुरुषच. कीर्तनकार राधा किंवा रुक्मिणी उभी करताना पोशाख बदलत नाही. खांद्यावरचे उपरणे डोक्यावर घेतो, आवाज आणि मान किंचित वळवतो, की झाली बाई. उपरणे खांद्यावर परत गेले की पुन्हा बुवा. दंडावरच्या रुमालाशी याचे साम्य मला विलक्षण वाटते. तमाशाची रचनाही याच बाजूने साक्ष देते. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, आणि त्यानंतर लावणी. गौळण ही सरळसरळ भक्तिपरंपरेतून उचललेली आहे, आणि पुरुषाने केलेली मावशी वावरते ती नेमकी त्या गौळणीत. देवाच्या दारातली चीज उचलून शाहिराने ती शृंगारात वापरली, हे पुष्कळांना रुचणार नाही. पण उचलेगिरीचा माग लपलेला नाही.

हा माग ज्याच्या चरित्रात उघड दिसतो तो माणूस खुद्द सोलापूरचा. शाहीर राम जोशी ब्राह्मण घरात जन्मला, तमाशाच्या नादी लागला, वडील भावाने घराबाहेर काढले तेव्हा पंढरपुरास जाऊन संस्कृत शिकला, परत येऊन कीर्तने करू लागला, पुन्हा फडाकडे वळला, आणि अखेरीस कवी मोरोपंतांच्या प्रभावाने परत कीर्तनाकडे आला, असे परंपरा सांगते. यातले किती शब्दशः खरे हा वाद बाजूला ठेवू. एकच माणूस कीर्तनाच्या आणि तमाशाच्या उंबरठ्यावरून इतक्या वेळा ये-जा करतो, आणि ऐकणाऱ्यांना ते अशक्य वाटत नाही, एवढे पुरेसे आहे. नाच्या राम जोशाने निर्माण केला असा माझा दावा नाही. त्याच्या जन्माआधीही नाचे असणारच. कीर्तन आणि तमाशा यांच्यामध्ये भिंत नव्हती, दार होते, आणि ते सोलापूर–पंढरपूरच्या पट्ट्यात सताड उघडे होते, एवढेच मी म्हणतो. पुढेही हा पट्टा लावणीचाच राहिला. विठाबाई नारायणगावकरांचा जन्म पंढरपूरचा, तमाशाच्या संगीत बारी या प्रकाराची नावाजलेली कला केंद्रे मोडनिंबला, आणि राज्यभर गाजलेली लावणी स्पर्धा अकलूजला.

यावर एक आक्षेप असा येईल की टू-स्टेप हा जोडीचा नाच, लावणी एकटीची. मग तुलना कशी? लावणीत जोडी नसते हे खरे नाही. ढोलकी आणि चाळ यांची जोडी असते. कोण कुणाला चालवतो हे कधी ढोलकीवाला ठरवतो, कधी पाय, आणि सवाल-जवाबाच्या तुकड्यात हे आलटून पालटून होते. त्याहून मोठी जोडी शब्दांतच आहे. लिहिणारा शाहीर, राम जोशी किंवा होनाजी, पुरुष, बोलणारी बाई, नाचणारा पुन्हा पुरुष. यातले बाईपण कुणाच्याच शरीरात नाही. ते शिकलेले आहे, शिकवलेले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाच्याला आजच्या अर्थाने क्वीअर, म्हणजे लिंग आणि लैंगिकतेच्या रूढ चौकटींबाहेरचा, म्हणणे म्हणजे इतिहासावर आजचे कपडे चढवणे. त्याची टिंगल झाली, त्याच्या मर्दपणावर शेरे मारले गेले, ‘नाच्या’ ही शिवी झाली. कोवळ्या मुलांचे शोषणही या प्रथेत झाले असणार, आणि त्याला मुक्ती म्हणणे निर्दयपणाचे ठरेल. हे मला पूर्ण मान्य आहे. नाच्यांपैकी कुणाचे मन कुणावर होते, याबद्दल मी काही म्हणत नाही. माझा मुद्दा विद्येचा आहे. बाईची चाल, नजर, पदर सावरणे ही शिकता येणारी कला आहे आणि ती कुठल्याही शरीराला शिकवता येते, हे तमाशाच्या फडाने दोनशे वर्षांपूर्वी गृहीत धरले होते. अमेरिकेतल्या क्लबांना तेच १९८० च्या दशकात नव्याने मांडावे लागले, कारण मधल्या काळात त्यांच्या शाळांनी रुमाल फेकून दिला होता. आपण तो फेकला नाही, त्याची थट्टा केली. नुकसान दोन्हीकडे झाले, पण थट्टेत निदान वस्तू शिल्लक राहते. ‘बिनबायकांचा तमाशा’सारखे केवळ पुरुषांनी केलेले लावणीचे कार्यक्रम उभे राहिले ते त्याच शिलकीवर. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सैल केल्यावर लावणी शिकू पाहणाऱ्या तरुणाला ‘तू पुरुष असून?’ असे विचारण्याचे एक सरकारी निमित्त कमी झाले. सामाजिक निमित्ते अजून आहेत.

या सगळ्यात कच्चा दुवा एकच, आणि तो पुराव्याचा आहे. शाहिरांचे कवन जपले गेले, नाचणाऱ्यांची नावे जपली गेली नाहीत. सोलापूर, पंढरपूर, माढा, माळशिरस भागांत जुन्या फडकऱ्यांच्या आणि कीर्तनकारांच्या घरांत हस्तलिखित बाडे आणि जमाखर्चाच्या वह्या अजून माळ्यावर असतील. अशी वही हाती लागली तर ती रद्दीत घालू नका. लावण्या कुणीतरी छापल्या असतील. समासात, शेवटच्या पानावर, चाळ किंवा लुगड्याच्या खर्चापुढे एखाद्या पोऱ्याचे नाव लिहिलेले आहे का, ते पाहा, आणि असेल तर जवळच्या ग्रंथालयाला कळवा.