शब्दवेध : धर्म

'धृ' म्हणजे धरणे, पेलणे. त्यातून 'धर्म'. मराठीने तो सढळ हाताने वापरला: शेजारधर्म, दानधर्म, धर्मशाळा, धर्मादाय. शाळेच्या पुस्तकात तर लोखंडालाही गुणधर्म असतात. यातल्या कशालाच संस्थापक लागत नाही की पवित्र ग्रंथ!

अर्थ आवळला गेला तो इंग्रजी अमलात. मिशनऱ्यांना 'रिलिजन'साठी प्रतिशब्द हवा होता, जनगणनेला रकाना. मॅक्स म्यूलरने सुरू केलेल्या 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' मालेचे 1879 ते 1910 या काळात 50 खंड निघाले आणि विद्यापीठात धर्म म्हणजे पोथी हे समीकरण पक्कं झालं. जोगतीण, दिंडी, म्हसोबा यांची रवानगी 'लोकसंस्कृती'च्या वर्गात.

अशोकाच्या अनुवादकांची अडचण याहून जुनी. कंदाहारच्या शिलालेखात 'धम्म'साठी ग्रीकमध्ये 'युसेबेइया', म्हणजे पूज्यभाव, आहे. शेजारच्या ॲरेमाइकमध्ये चक्क 'सत्य'. एकाच दगडावर दोन उत्तरं. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' हे पुस्तक इंग्रजीत लिहिलं, पण नावात 'धम्म'च ठेवला आणि रिलिजनहून तो वेगळा कसा, यासाठी आत पानं खर्ची घातली.

आता अभ्यासक्रमांच्या 'निर्वसाहतीकरणा'ची (केवढा हा शब्द!) चर्चा आहे. अवश्य व्हावी. मात्र जुना अर्थ परत आणू म्हणणाऱ्यांनी पां. वा. काण्यांचा 'धर्मशास्त्राचा इतिहास' उघडावा. वारसाहक्क, राजाचं कर्तव्य, प्रायश्चित्तं यांच्याबरोबर तिथे वर्णधर्मही सविस्तर आहे. साहेबाचा चष्मा काढल्याने तो नाहीसा होत नाही.