वऱ्हाडातील सुतारकी आणि छपरीतील एक अतिथी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा ‘मोर्शी परिसरातील आपल्या धंद्याचा इतिहास’ या विषयावर चार पाने लिहिण्याची आज्ञा आम्हांस केली. इतिहास म्हटला म्हणजे प्रभू विश्वकर्म्यापासून आरंभ करावयाचा आणि ज्ञातिपरिषदेच्या ठरावांशी येऊन थांबावयाचे, अशी आपल्या स्मरणिकांची रूढी आहे. ती वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु पाच वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आमच्या घरी दोन दिवस मुक्कामास राहिलेल्या एका हौशी गृहस्थांमुळे आमच्याच छपरीचा जो इतिहास आमच्या ध्यानी आला, तो ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. म्हणून प्रारंभीचा भाग थोडक्यात आटोपून त्या अतिथीकडे वळण्याची अनुज्ञा वाचकांनी द्यावी.

आपल्या धंद्याचे प्राचीनत्व सिद्ध करण्यास फार दूर जावे लागत नाही. ऋग्वेदात ‘तक्षन्’ म्हणजे सुतार वारंवार येतो. एका सूक्तात देवांची ओळख त्यांच्या हातातील वस्तूंवरून करून दिली आहे. तेथे एकाच्या हाती धातूची ‘वाशी’ आहे व तो त्वष्टा होय, असे विद्वान सांगतात. तीच वाशी पुढे बसुला झाली. आपण तिला वाकस म्हणतो. दुसऱ्या एका सूक्तात कोणाला काय हवे असते हे सांगताना, वैद्य दुखणाइताची वाट पाहतो तसा सुतार मोडक्या वस्तूची वाट पाहतो, असे विनोदाने म्हटले आहे. हे वाचून आमचे वडील मनमुराद हसले होते. मोडके औत खांद्यावर घेऊन येणारा कुणबी ज्याने मृगाच्या तोंडावर रोज पाहिला, त्यालाच त्यातली गंमत कळावयाची!

बलुतेदारीविषयी त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात विस्ताराने आले आहे. बलुतेदारांच्या तीन ओळींपैकी थोरल्या ओळीत सुताराचे स्थान होते, कारण त्याच्यावाचून नांगर, वखर, डवरा, तिफण यांपैकी काहीच चालत नसे. लाकूड कास्तकाराचे, श्रम आमचे, आणि मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने. या व्यवस्थेचा आपल्या स्मरणिकांतून पुष्कळदा गौरव होतो. परंतु खळ्यावर ओंजळभर धान्यासाठी ताटकळत उभे राहावे लागे हेही आमच्या आजोबांनी सांगितले आहे. आणि ज्यांचे औत आम्ही दुरुस्त करीत होतो त्यांपैकी काहींना आमच्याच छपरीच्या वळचणीबाहेर बसावे लागे, हे लिहिल्यावाचून इतिहास पुरा होत नाही.

छपरी मात्र गावाची बैठक होती. बाभळीचे खोड पाण्यात बुडवून मुरविलेले, तिवसाचे आरे, धावड्याचा कणा, कोपऱ्यात ढलप्यांचा ढीग आणि काम होईतो बसून राहिलेले चार कास्तकार, असे तिचे रूप असे. कोणीही यावे, बसावे, गप्पा कराव्यात. एकच निर्बंध होता: हत्याराला हात लावावयाचा नाही. ज्ञान बापाकडून लेकाकडे जाई, तेही सांगून नव्हे, शेजारी बसवून. बाहेरच्या माणसाने कधी ‘मला शिकवा’ म्हटले नाही, आणि आम्हीही कधी ‘शीक’ म्हटले नाही.

पुढे काळ बदलला. १८६७ मध्ये आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोचली. वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाऊ लागला व गावोगाव सरकीचे कारखाने उभे राहिले, तेथे सुताराला मिस्त्री म्हणून रोजी मिळाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ च्या सुमारास निघाला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि लाकडी नांगराचे दिवस भरले. मोर्शी-वरुडच्या संत्र्यांनी आपल्या काही घरांना पेट्या ठोकण्याचे काम दिले, परंतु तेही पुठ्ठ्याने व प्लॅस्टिकने नेले. बैलगाडीला रबरी चाके आली, मग बैलच गेले. मेळघाटचा साग परतवाड्याच्या लिलावात सामान्य सुताराच्या आवाक्याबाहेर गेला आणि प्लायवूडने उरलेले काम केले. ज्यांच्याजवळ विजेचा रंधा व करवत होती ते फर्निचरवाले झाले. बाकीच्यांनी मुलांना शाळेत घातले.

अशा मुलांपैकी आम्ही एक. शाळेत ‘वाढ्याचा पोरगा’ म्हणून आम्हांस हाक मारीत. ती हाक चुकविण्यासाठी आम्ही अभ्यास केला आणि मास्तर झालो. तेहेतीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला. घरची वाकस कधी हाती धरली नाही.

हे सांगितल्यावर पाहुण्यांविषयी सांगण्यास हरकत नाही. ते अमरावतीस राहणारे, निवृत्त प्राध्यापक, आपल्या ज्ञातीचे नव्हेत. निवृत्तीनंतर घराच्या गच्चीवरील खोलीत त्यांनी हातहत्यारांचे छोटे दालन थाटले होते. तान्ह्या पोळ्यासाठी नातवाला स्वतःच्या हाताने लाकडी नंदी करून द्यावा, अशी त्यांची इच्छा. वाचकांपैकी जे विदर्भाबाहेर असतील त्यांच्यासाठी सांगतो की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मुले लाकडी बैल मिरवितात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांनी सुरू केली असे मानतात. नंदीच्या पायांची कुसे त्यांना साधेनात. कोणीतरी आमच्या वडिलांचे नाव सांगितले, आणि पोळ्याच्या आधी आठ दिवस ते हत्यारांची पेटी घेऊन दारात उभे राहिले.

आम्हांस प्रथम संकोच वाटला. सुशिक्षित, सुस्थितीतला माणूस हौसेने सुतारकी करतो, हे ऐकून मनात थोडी कडवटपणाची लहरही आली, हे लपवून ठेवीत नाही. जे आम्ही लाजेने टाकले ते यांनी छंद म्हणून उचलावे! परंतु पुढे वाचनात आले की ही गोष्ट जगात नवी नाही. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेयुस यांच्या खटपटीने १८६६ मध्ये हस्तकौशल्य शाळांतून सक्तीचे झाले. स्वीडनमध्ये नेस येथे ओटो सालोमन यांनी शिक्षकांसाठी लाकूडकामाचे वर्ग चालविले. तेथे देशोदेशीचे शिक्षक येऊन राहत आणि पोटासाठी नव्हे, तर हात व डोळा यांना वळण लागावे म्हणून चाकूने लाकूड तासावयास शिकत. दक्षिण आफ्रिकेत १९१० मध्ये गांधीजींना टॉलस्टॉय फार्मसाठी जमीन देणारे हर्मन कॅलनबाख हे व्यवसायाने वास्तुविशारद, परंतु फार्मवरील सुतारखात्याचे ते प्रमुख होते. बाकांपासून पेट्यांपर्यंत सारे तेथे घरीच झाले. आणि आपल्या शेजारी वर्ध्यास १९३७ मध्ये शिक्षणपरिषद भरली, तिच्यातून निघालेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या योजनेत सुतारकामही होते. ती योजना आम्ही वर्गात दोन गुणांचा प्रश्न म्हणून शिकविली. घरी तिच्यावर कधी बोललो नाही.

पाहुण्यांनी पेटी उघडली. तीत इंग्रजी धाटणीचा रंधा होता, धार लावण्याचे तीन दगड होते आणि एक जपानी करवत होती. ती त्यांनी मोठ्या कौतुकाने दाखविली. आपली करवत पुढे ढकलताना कापते, ही अंगाकडे ओढताना कापते. त्यामुळे पाते पातळ ठेवता येते, असे त्यांनी समजावून सांगितले. वडील तेव्हा शहाऐंशी वर्षांचे. त्यांनी करवत हातात घेतली, दातांवरून अंगठा फिरविला, जमिनीवर बसून फळी पायांच्या तळव्यांत धरली आणि चार ओढींत वीतभर कापून दाखविली. म्हणाले, “हे तं आमच्या आज्याच्या करवतीसारखं हाये. तेचे दात बी असेच अंगाकडं होते. मंग बजारातून दुसरी आली.”

पाहुणे थक्क झाले, आणि आम्हीही. भारतीय सुताराची जुनी करवत ओढीवर कापणारी होती व तो जमिनीवर बसून, लाकूड पायांनी धरून काम करी, हे इंग्रज निरीक्षकांनी लिहून ठेवले आहे, आणि बहुधा मागासलेपणाची खूण म्हणून. कामाच्या शाळा निघाल्या तेव्हा उंच बाक व ढकलण्याची करवत हीच सुधारणा ठरली. जपानी सुतारही जमिनीवर बसतो आणि रंधासुद्धा अंगाकडे ओढतो. परंतु त्याची पद्धत आज जगभरचे हौशी लोक पैसे मोजून शिकतात. आपली पद्धत आपण टाकली, कारण ती आपली होती.

नंदीसाठी वडिलांनी आडोशातून सागाचा एक जुना तुकडा काढला. सिंभोऱ्यास वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण झाले (ते १९९३ मध्ये पूर्ण झाले), त्या वेळी बुडीत गावांतील घरे मोडली. त्यांतील एका घराची मयाल वडिलांनी विकत घेऊन ठेवली होती. शंभर वर्षे धूर खाल्लेले लाकूड. पहिल्या दिवशी नंदीचे धड, मान व वशिंड झाले. पायांच्या कुसांची अडचण वडिलांनी क्षणात ओळखली. पाहुणे आधी कूस कापीत व मग तिला शोभेल असे भोक पाडीत. “भोक पयले,” वडील म्हणाले. “भोक मोठं झालं तं कूस जाड ठेवता येते. कूस लहान झाली तं काय करसान?” त्या एका वाक्यासाठी मी गच्चीवर तीन महिने लाकूड जाळले, असे पाहुणे रात्री जेवताना म्हणाले. पिठले-भाकरीचा बेत होता. आमच्या सौभाग्यवतींनी ठेचा जरा जपून वाढला, पण त्यांनी तो मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची दृष्टी आढ्याला टांगलेल्या चाड्यावर गेली. तिफणीच्या डोक्यावर बसणारी ही लाकडी वाटी, जिच्यात पेरणारा मुठीने बी सोडतो व ते तीन नळ्यांतून तीन तासांत पडते, तरुण वाचकांनी पाहिली नसण्याचा संभव आहे. पाहुण्यांनी विचारले, “बाबाजी, हे कसे करता?”

वडिलांनी नंदी बाजूला ठेवला. मुरलेल्या बाभळीचा एक ठोकळा घेतला. बाहेरचा आकार वाकसाने, आतील पोकळी गोल पटाशीने. मधोमध लहानसा उंचवटा राखावयाचा, म्हणजे बी मध्ये न बसता कडेच्या भोकांकडे घरंगळते. त्या उंचवट्याभोवती सामत्याने तीन भोके, सारख्या अंतराची, सारख्या उताराची. सारी विद्या त्या उतारात आहे. वडिलांनी मोजपट्टी वापरली नाही. तीन बोटे ठेवून खुणा केल्या. दुपारपर्यंत त्यांचे चाडे झाले, संध्याकाळपर्यंत पाहुण्यांचे. मग परीक्षा. चाड्यात मूठभर ज्वारी सोडावयाची आणि प्रत्येक भोकाखालचे दाणे मोजावयाचे. वडिलांच्या चाड्यातून तिन्हीकडे जवळजवळ सारखे पडले. पाहुण्यांच्या चाड्यात एका बाजूस निम्मेच. वडील म्हणाले, “एक तास पातय झालं. कुनब्याचं साल गेलं न आता.” ते हसून बोलले, पण त्यात जुन्या जबाबदारीचा आवाज होता. भोक तिरपे गेले तर शेतातील प्रत्येक तिसरी ओळ विरळ उगवणार, आणि ते सहा महिने साऱ्या गावाला दिसणार!

आम्ही हे सारे छपरीच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून पाहत होतो. पाहुणे वहीत आकृत्या काढीत होते. ते गेल्यावर आम्ही वडिलांना विचारले, “बाबा, हे तुम्ही मला कधी दाखवले नाही.” आमच्या बोलण्यात थोडी तक्रार होती. ते ढलप्या गोळा करीत होते, मान वर न करता म्हणाले, “तुनं कई इचारलंच नाई.”

त्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे बरेच दिवस आम्ही मनात उत्तरे जुळवीत राहिलो. तुम्हीच पुस्तक हाती दिले. तुम्हीच म्हणालात की या धंद्यात राम नाही. ही सारी उत्तरे खरी होती. तरी त्यांचे वाक्यही खरे होते.

वडील त्यानंतरच्या मार्गशीर्षात गेले. तेरवीला पाहुणे आले ते एका कापडात गुंडाळलेले चाडे घेऊन. अमरावतीच्या गच्चीवर त्यांनी केलेले ते पाचवे. मंडळी जेवून उठल्यावर आम्ही दोघे छपरीत बसलो, ज्वारी सोडली आणि दाणे मोजले. सव्वीस, पंचवीस, सत्तावीस. ते काही बोलले नाहीत. आम्ही त्यांना म्हणालो, “सर, आता आम्हांला शिकवा.”

तेव्हापासून ते दोन महिन्यांतून एकदा मोर्शीस येतात. वडिलांच्या वाकसाला दांडा नवा बसविला आहे, धावड्याचा. पुण्याला संगणकाच्या नोकरीत असलेला आमचा मुलगा गेल्या दिवाळीत दोन दिवस शेजारी बसला; भोके त्याने पाडली, आमच्यापेक्षा बरी पाडली. ज्या ज्ञातिबांधवांकडे जुनी चाडी, सरते, सामते किंवा ओढीची करवत असेल त्यांनी ती भंगारात न देता आम्हांस पत्राने कळवावे; आम्ही येऊन पाहू व मापे लिहून घेऊ. आमच्या स्वतःच्या पहिल्या चाड्यातून दाणे पडले ते असे: एकोणीस, एकतीस, आठ. दुसरे सध्या कोरीत आहोत.